कपाटातला पारा

१६४३ च्या सुमारास टॉरिसेलीने पाऱ्याच्या नळीतून हवेचा दाब दाखवला, आणि पुढे पारा शाळांच्या प्रयोगशाळांत आला. जुन्नर-आंबेगावातल्या एखाद्या कपाटात त्याची बाटली असेल, तर आता तिचे काय करावे? मोरीत ओतला, तर पाण्यातले जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो माशांत साठतो.

भंगारात विकला तर? कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्याची पारा लागलेली काच भंगारात गेली. २००१ साली कारखाना बंद झाला. २००३ मध्ये सुमारे २९० टन पारायुक्त कचरा अमेरिकेला पाठवावा लागला.

घातक कचऱ्याचे नियम आपल्याकडे १९८९ साली आले, २०१६ साली ते नव्याने झाले. असा कचरा परवानाधारकाकडेच द्यायचा. शेजारच्या रांजणगावला सामाईक प्रक्रिया केंद्र आहे. मार्ग प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्राने विचारू या. तोवर बाटली घट्ट बंद, चिठ्ठी लावून, कुलपात ठेवू या.