विक्रोळीतील परिचारिका आणि पाटणमधील सुतार : निवृत्तीनंतरच्या परदेशी सेवेची गोष्ट

१/ सिन्नर-नाशिककडून दरवर्षी अनेक निवृत्त दांपत्ये परदेशी जातात. मुले तिकडे स्थायिक झालेली असतात, नातवंडे सांभाळायची असतात. २००६ मध्ये मात्र एक वृद्ध दांपत्य उलट दिशेने, अमेरिकेहून महाराष्ट्रात आले आणि मावळातल्या एका खेड्यात परक्यांची घरे बांधू लागले. पती ८२ वर्षांचे, पत्नी ७९ वर्षांच्या.

२/ ती दोघे म्हणजे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि रोझलिन कार्टर. त्यांच्या या श्रमाचे मूळ शोधायचे तर चाळीस वर्षे मागे, विक्रोळीत जावे लागते. तिथे जिमींच्या आईने, लिलियन कार्टर यांनी, हीच वाट आधी चोखाळली होती.

३/ लिलियन यांचा जन्म १५ ऑगस्ट १८९८ चा, जॉर्जिया राज्यातला. पेशाने त्या परिचारिका. गोऱ्या-काळ्यांतील भेद कायद्याने पाळला जाण्याच्या त्या काळात त्या कृष्णवर्णीय शेजाऱ्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करीत. १९५३ मध्ये पतीचे निधन झाले. पुढे काही वर्षे त्यांनी विद्यार्थी-वसतिगृहाची व्यवस्था पाहिली, नंतर एक वृद्धाश्रम चालवला.

४/ १ मार्च १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी 'पीस कोअर' स्थापन केली. अमेरिकी नागरिकांनी सुमारे दोन वर्षे दुसऱ्या देशात राहून, तिथली भाषा शिकून काम करावे, अशी ती योजना होती. स्वयंसेवक बहुतांशी नुकतेच पदवीधर झालेले तरुण असत. पण वयाची कमाल मर्यादा घातलेली नव्हती. दूरचित्रवाणीवरील याच अर्थाची एक जाहिरात पाहून लिलियन यांनी अर्ज केला.

५/ शिकागोत प्रशिक्षण घेऊन १९६६ च्या अखेरीस, वयाच्या ६८व्या वर्षी, त्या मुंबईत आल्या. नेमणूक झाली विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत. कारखाना, कामगारांची घरे आणि दवाखाना असलेली ती एक आखीव औद्योगिक वसाहत होती. भोवती मात्र नव्याने मुंबईत आलेल्या गरिबांची वस्ती वाढत होती.

६/ काळ कठीण होता. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले होते. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फसला होता, आणि देश अमेरिकी गव्हावर तग धरून होता. त्याच वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयात कुटुंबनियोजनाचा स्वतंत्र विभाग उघडण्यात आला. लिलियन यांच्याकडे आलेले पहिले काम याच मोहिमेतले होते.

७/ ज्या कामासाठी माणूस पाठवला जातो आणि ज्या कामाची गरज त्याला समोर दिसते, ती दोन्ही दरवेळी एकच असतात असे नाही. प्रचारापेक्षा रुग्णसेवा त्यांच्या हाताला अधिक परिचित होती. त्या दवाखान्यात रमल्या. त्यांनी घरी पाठवलेली पत्रे पुढे, १९७७ मध्ये, 'अवे फ्रॉम होम' या नावाने पुस्तकरूपात प्रसिद्ध झाली.

८/ रुग्णांत कुष्ठरोगीही होते. महाराष्ट्रात कुष्ठसेवेची परंपरा तोवर रुजली होती : वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, वरोऱ्याला आनंदवनात बाबा आणि साधनाताई आमटे. डॅप्सोनसारखे औषधही उपलब्ध होते. तरीही समाजाच्या मनातली भीती ओसरली नव्हती. कुष्ठरोग झालेल्या एका लहान मुलीला प्रथम स्पर्श करताना लिलियन यांनाही ती भीती वाटली होती. पुढे सहवासाने ती गळून पडली.

९/ लिलियन विक्रोळीत २१ महिने राहिल्या. १५ ऑगस्ट १९६८ रोजी, भारताच्या स्वातंत्र्यदिनी, त्यांची सत्तरी पूर्ण झाली तीही भारतातच. त्यानंतर त्या मायदेशी परतल्या. फेब्रुवारी १९७७ मध्ये राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीसाठी आलेल्या अमेरिकी शिष्टमंडळाचे नेतृत्व त्यांनीच केले. तेव्हा त्या राष्ट्राध्यक्षांच्या मातोश्री होत्या.

१०/ १९८० ची निवडणूक कार्टर हरले. जानेवारी १९८१ मध्ये, अवघ्या ५६व्या वर्षी, पदरी आलेली ही निवृत्ती त्यांच्या इच्छेची नव्हती. घरचा भुईमुगाचा व्यवसायही कर्जात बुडालेला होता. पुढच्या आयुष्याचे करायचे काय, या प्रश्नावर पती-पत्नींनी मिळून १९८७ मध्ये एक पुस्तक लिहिले. लिहिताना आठवणींवरून इतके खटके उडाले की अखेर कोणता परिच्छेद कोणाचा, हे आद्याक्षराने दाखवावे लागले!

११/ लिलियन १९८३ मध्ये वारल्या. पुढच्याच वर्षी कार्टर दांपत्य 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेच्या कामात उतरले. मिलार्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने १९७६ मध्ये, कार्टर यांच्या गावाजवळच, ही संस्था स्थापली होती. तिचा मूळ नियम साधा होता : घर फुकट मिळणार नाही. कुटुंबाने बांधकामात स्वतः राबायचे आणि बिनव्याजी कर्ज हप्त्याहप्त्याने फेडायचे.

१२/ कार्टर यांना सुतारकामाचा छंद होता. तो इथे कामी आला. दरवर्षी आठवडाभर दोघेही हातोडी घेऊन उभी राहत. २००६ मध्ये, ऑक्टोबर सरता सरता, हा उपक्रम विसापूर किल्ल्याच्या पायथ्याशी, मळवलीजवळच्या पाटण गावात आला. देशोदेशीचे सुमारे दोन हजार स्वयंसेवक जमले. संकल्प शंभर घरांचा होता. ब्रॅड पिटसारखे नटही येऊन राबल्याने वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला.

१३/ इथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. परदेशी पाहुण्यांच्या विमानप्रवासाच्या खर्चात किती गवंड्यांना किती दिवसांची मजुरी मिळाली असती? हौशी हातांनी रचलेली भिंत कुशल हातांनी रचलेल्या भिंतीपेक्षा सरस कशी ठरणार? गावाची गरज मोठी, की पाहुण्यांचे समाधान?

१४/ 'पीस कोअर'लाही हाच प्रश्न वेगळ्या रूपात भोवला. कसब नसलेले तरुण पाठवून काय साधते, असे भारतात विचारले जाई. त्यात शीतयुद्धातला संशय मिसळला. चार हजारांहून अधिक स्वयंसेवक येऊन गेल्यानंतर १९७६ मध्ये भारतातले काम थांबले.

१५/ या कसोटीवर दोन्ही पिढ्या तपासून पाहाव्यात. लिलियन यांनी आणलेली वस्तू दुर्मीळ होती : आयुष्यभराचा शुश्रूषेचा अनुभव, आणि तो वापरायला पुरेसा वेळ. पाटणमध्ये कार्टर दांपत्य आठवडाभरच होते. त्यांच्या हातांनी झालेले काम थोडे, त्यांच्या नावाने ओढले गेलेले लक्ष आणि निधी फार मोठा. खरा भार उचलला तो पुढे वर्षानुवर्षे हप्ते भरणाऱ्या कुटुंबांनी.

१६/ सिन्नरकरांना हे नवे नाही. देवनदीवरचे जुने बंधारे आणि पाट 'युवा मित्र' संस्थेच्या पुढाकाराने पुन्हा वाहते झाले, ते शेतकऱ्यांच्या सहभागामुळे. बाहेरचा हात कामाला गती देतो. काम टिकवतो तो गावचा हात. पाहुणा चार दिवसांचा असो वा २१ महिन्यांचा, तो गेल्यावर पाटातला गाळ काढायला कोण उतरते, यावरच त्याच्या सेवेचे मोल ठरते.

१७/ रोझलिन २०२३ मध्ये आणि जिमी २०२४ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, निवर्तले. 'पीस कोअर'ने पन्नाशी ओलांडलेल्या स्वयंसेवकांसाठी ठेवलेल्या पुरस्काराला लिलियन कार्टर यांचे नाव दिले. आपल्याकडे वानप्रस्थ म्हणजे संसारातून अंग काढून घेणे. विक्रोळीत आलेल्या या परिचारिकेने त्याच वयात एक नवा संसार जोडला, आणि त्याची भाषा तिला पहिल्यापासून शिकावी लागली.