टोकन एकदा घ्या, सहा तास वापरा

सिल्वासात माल भरून ट्रक तयार, ड्रायव्हर चहा पिऊन आला, तरी बिल निघत नाही. सगळे इंटरनेटला शिव्या देतात. अडलेलं असतं टोकन.

उलाढाल ५ कोटींपुढे असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्या-व्यापाऱ्यातल्या बिलांसाठी ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर सरकारी पोर्टलशी थेट जोडलं, तर आधी त्याला स्वतःची ओळख पटवावी लागते. युजरनेम-पासवर्ड पोर्टलच्या पब्लिक कीने कुलूपबंद होऊन जातात. बदल्यात टोकन येतं, ६ तासांचं, आणि सोबत मजकूर उलगडायची सेशन की.

काही प्रोग्रॅम दर बिलाला टोकन मागत बसतात. मुदत असेपर्यंत पोर्टल तेच टोकन परत देतं, म्हणजे फेरा फुकट. टोकन, सेशन की आणि मुदत तिन्ही एकत्र साठवा. शेवटच्या १० मिनिटांत प्रोग्रॅमनेच नवं मागावं. दोन संगणकांवर बिलं निघत असतील तर साठा एकच ठेवा.

काही सेवा पासवर्डऐवजी सही मागतात. २०१५ च्या आरएफसी ७५२३ मध्ये ती रीत दिली आहे. आपण कोण, कोणाकडे जातोय, कधीपर्यंत, अशी चिठ्ठी प्रोग्रॅम लिहितो, प्रायव्हेट कीने सही करतो आणि टोकन घेतो. चिठ्ठी दर वेळी ताजी, साठवायचं ते टोकन. प्रायव्हेट की मात्र व्हॉट्सॲपवर पाठवू नका (पाठवतात लोक!). आणि संगणकाचं घड्याळ तपासा: ते दहा मिनिटं मागे असेल, तर सही बरोबर असूनही चिठ्ठी मुदतबाह्य ठरून परत येऊ शकते.