हास्याचा परतीचा प्रवास : बॅरी मॅकेन्झी आणि ऑस्ट्रेलियाची आत्मप्रतिमा

विडंबनाचा अर्थ केवळ संहितेत नसतो. हसणारा कोठे उभा आहे यावरही तो ठरतो. ब्रूस बेरेसफर्ड दिग्दर्शित 'दि अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ बॅरी मॅकेन्झी' (१९७२) या चित्रपटाचा इतिहास या विधानाची उत्तम साक्ष आहे. लंडनमधील वाचकांच्या करमणुकीसाठी रेखाटलेले एक हास्यास्पद पात्र आठ वर्षांनी ऑस्ट्रेलियन शासनाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या चित्रपटाचा नायक झाले. या प्रवासात पात्र फारसे बदलले नाही. बदलला तो प्रेक्षक.

मेलबर्नचे बॅरी हम्फ्रीज १९५९ मध्ये लंडनला गेले. 'प्रायव्हेट आय' या उपहासपर पाक्षिकात १९६४ पासून त्यांच्या संहितेवर निकोलस गार्लंड यांनी काढलेली बॅरी मॅकेन्झीची चित्रपट्टी प्रसिद्ध होऊ लागली. रुंद काठाची हॅट घालणारा, सतत बीअर ढोसणारा, बढाईखोर पण लैंगिक व्यवहारात पूर्ण अननुभवी असा हा तरुण म्हणजे वसाहतीतील माणसाविषयी इंग्रजांच्या मनात असलेल्या कल्पनांचे अतिरेकी रूप होते. या पट्टीचे पुस्तक निघाले तेव्हा ऑस्ट्रेलियात त्यावर बंदी आली. महानगरीने आपल्याला हसावे हे एक वेळ चालेल, पण ते हसू घरी येऊ नये, अशीच जणू ही भूमिका होती.

या भूमिकेमागील मनोवृत्तीचे निदान ए. ए. फिलिप्स यांनी 'मीनजिन' या नियतकालिकातील १९५० च्या निबंधात केले होते. आपली प्रत्येक निर्मिती एका काल्पनिक इंग्रज वाचकाच्या नजरेने पाहण्याच्या सवयीला त्यांनी दिलेले नाव पुढे रूढ झाले; मराठीत त्यास सांस्कृतिक न्यूनगंड म्हणता येईल. फिलिप्स यांनी या न्यूनगंडाच्या उलट्या रूपाचाही, म्हणजे आक्रमक बढाईचाही, निर्देश केला होता. मॅकेन्झी हे या दोन्ही रूपांचे एकत्रित मूर्तिमंत दर्शन आहे.

चित्रपटाचे कथानक या न्यूनगंडावरच बेतलेले आहे. इंग्लंडला जाऊन सांस्कृतिक शिक्षण घेण्याच्या अटीवर नायकाला वारशाचे पैसे मिळतात. एडना मावशीसोबत तो निघतो. ही भूमिका खुद्द हम्फ्रीज यांनीच केली असून एडना एव्हरेज हे पात्र १९५५ पासून रंगभूमीवर वावरत होते. मात्र संस्कृतीचे माहेरघर मानलेल्या देशात नायकाला भेटतात ते लुबाडणारा टॅक्सीचालक आणि त्याच्या पैशावर वा शरीरावर डोळा असलेली विक्षिप्त माणसे. शिकायला आलेला माणूस बावळट असला तरी निष्पाप आहे. शिकवणारा देश मात्र आतून पोखरलेला आहे. दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत लागलेली आग नायकाचे सोबती बीअर पिऊन आपल्या पद्धतीने विझवतात, तेव्हा ग्राम्यता हीच प्रतिकाराचे साधन बनते.

या प्रतिकाराचे मुख्य क्षेत्र भाषा आहे. उलटीला 'टेक्निकलर जांभई' म्हणणारी नायकाची बोली अस्सल लोकभाषा नव्हे. जुन्या बोलीतील शब्द आणि हम्फ्रीज यांनी स्वतः घडवलेले वाक्प्रचार यांचे ते मिश्रण आहे. तरीही यांतील काही प्रयोग ऑस्ट्रेलियन बोलण्यात रुळले. परदेशात बसून घडवलेली 'देशी' भाषा देशाने आपली म्हणून स्वीकारावी, ही घटना देशीपणाच्या कोणत्याही भाबड्या संकल्पनेस प्रश्न विचारणारी आहे.

शासनाचा सहभागही तितकाच सूचक आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या चित्रपट विकास महामंडळाने या चित्रपटास अडीच लाख डॉलर दिले; निर्माते फिलिप अ‍ॅडम्स होते. राष्ट्रीय संस्कृतीच्या संवर्धनासाठी उभारलेल्या निधीतून असंस्कृतपणाचा हा उत्सव साकारला. अनेक समीक्षकांना तो लाजिरवाणा वाटला, प्रेक्षकांनी मात्र गर्दी केली. पुढे १९७४ च्या उत्तरार्धपटात पंतप्रधान गॉफ व्हिटलम स्वतः पडद्यावर आले आणि त्यांनी एडनाला 'डेम' हा किताब बहाल केला. त्यांच्याच शासनाने १९७५ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय सन्मानांची व्यवस्था सुरू केली हे लक्षात घेता, साम्राज्याचा किताब येथे विनोदाची वस्तू झालेला दिसतो.

म्हणून हा चित्रपट न्यूनगंडातून मुक्ती देतो असे म्हणावे काय? अंशतःच. इंग्रजांनी काढलेले व्यंगचित्र स्वेच्छेने अंगावर घेतल्याने त्याची धार बोथट होते, हे खरे. परंतु स्वतःची ओळख पटवण्यासाठी नायकाला इंग्लंड हा आरसा लागतोच. लंडनवाचून त्याचे धाडस संभवत नाही. शिवाय या आरशात दिसणारा 'ऑस्ट्रेलियन' गोरा आणि पुरुष आहे. तेथील आदिवासींना या आत्मप्रतिमेत जागा नाही आणि प्रमुख स्त्रीभूमिकाही पुरुषच वठवतो. वसाहतीने महानगरीचे हसू परत घरी आणले, ही या चित्रपटाची ऐतिहासिक कामगिरी होय. मात्र त्या हास्यात घरातल्या कोणाकोणाला सामील करून घेतले, हा प्रश्न त्याने विचारला नाही. आणि एप्रिल २०२३ मध्ये हम्फ्रीज यांच्या निधनानंतर त्यांच्या वारशाचे मूल्यमापन करताना हाच प्रश्न टाळता येणार नाही.