मेंदूचा डॉक्टर कोणता, गाठायचा कसा? तालुक्यातील रुग्णांसाठी उपयुक्त माहिती

फिट आली, हातपाय थरथरायला लागले की गावात पहिला सल्ला मिळतो, 'नसांच्या डॉक्टरला दाखवा.' पण नेमकं कोणाला, हे कोणी सांगत नाही. मग हाडांचे डॉक्टर, मानसोपचार, देवऋषी असे फिरण्यात महिने जातात आणि उसनवारीही होते.

न्यूरोलॉजिस्ट आणि न्यूरोसर्जन वेगळे
फिट (मिरगी), अर्धांगवायू, कंपवात, जुनाट अर्धशिशी, विसरभोळेपणा यावर औषधोपचार करतो तो न्यूरोलॉजिस्ट. त्याची पदवी डीएम किंवा डीएनबी न्यूरोलॉजी असते. डोक्याला मार, मेंदूतली गाठ अशा शस्त्रक्रियेसाठी न्यूरोसर्जन. त्याची पदवी सहसा एमसीएच. पाटीवर नुसतं 'मेंदूविकार तज्ज्ञ' लिहिलं असेल तर पदवी विचारावी. त्यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते.

अर्धांगवायूत तज्ज्ञ शोधत बसू नका
तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोबडी वळली तर तडक १०८ ला फोन करावा. सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठावं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवावं. अंगाला तेल चोळण्यात वेळ घालवू नये.

सुरुवात कुठून?
बाकीच्या त्रासात आधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाखवून चिठ्ठी घ्यावी. जिल्ह्याला न्यूरोलॉजिस्ट रोज बसतात की ठरावीक वारी येतात, हे फोनवर विचारूनच एसटी धरावी. नाहीतर हेलपाटा पडतो. मुंबईत केईएम, जेजे, नायर, सायन आणि नागपुरात सरकारी सुपर स्पेशालिटी रुग्णालयात हा विभाग आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः भरती रुग्णासाठी आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवावं आणि भरती होण्याआधी आरोग्यमित्राला भेटावं.

जाताना काय न्यावं?
फिटचा रुग्ण डॉक्टरसमोर बसतो तेव्हा बहुधा ठणठणीत असतो. म्हणून फिट प्रत्यक्ष पाहिलेला माणूस सोबत हवा. मोबाईलवर व्हिडिओ असेल तर उत्तम. जुन्या चिठ्ठ्या, स्कॅनच्या फिल्म, चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घ्यावीत.

डॉक्टर निवडताना
आजाराचं नाव, गोळ्या किती दिवस, पुन्हा कधी यायचं, हे समजेल अशा भाषेत सांगणारा डॉक्टर बरा. मिरगीला वर्षानुवर्षं औषध लागू शकतं. त्यामुळे दर खेपेला जाणं-येणं परवडेल का, ती गोळी तालुक्याला मिळते का, हेही पाहावं.

आणि बरं वाटलं म्हणून गोळी मनाने बंद करू नये. फिट उलटते, आणि ती विहिरीच्या काठावर किंवा ट्रॅक्टरवर आली तर जिवावर बेतते.