बंब पेटत नाही

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्यावरून गेलं, तेव्हा मी बोर्ली पंचतनला आजोळी होतो. लॉकडाऊनमुळे मार्चपासून तिथेच अडकलेलो. दोन-तीन तासांत आजीची पोफळीची बाग आडवी झाली, मागच्या पडवीचं छप्पर चुलीसकट गेलं आणि वीज गेली, ती कितीतरी आठवडे आली नाही. घरात मामी बाळंतीण, बाळ वीस दिवसांचं. गॅसचा एकच सिलिंडर उरलेला, तो जेवणासाठी राखायचा. मग अंघोळीचं पाणी तापवायचं कुठे?

माळ्यावर तांब्याचा बंब होता. घरात गिझर आल्यापासून तो तिथेच पडून होता आणि येत्या दिवाळीत मोडीत जायचा होता. मी तो उतरवून न्हाणीत मांडला.

ज्यांनी बंब पाहिलाच नाही त्यांच्यासाठी: तांब्याचं उभं पिंप, पोटातून आरपार गेलेली नळी. नळीत विस्तव, भोवती पाणी. नळीच्या तळाला जाळी, जाळीखाली राख पडायला जागा, वर धुराडं, बाजूला तोटी. बस्स. युक्ती फार जुनी आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईत अशीच पोटात विस्तव ठेवायची कांस्याची भांडी सापडली आहेत. रशियात तिचा समोवार झाला. तुला शहरात लिसित्सिन बंधूंनी १७७८ मध्ये त्याचा कारखाना काढला. त्यांनी चहा केला, आपण अंघोळ. मला आपला उपयोग जास्त पटतो.

पेटवायला गेलो तर सगळा धूर न्हाणीत. लाकडं ओली असतील म्हणून कोरडी आणली, तरी तेच. रॉकेल ओतलं, भपकन जाळ झाला आणि विझला. पाऊस आत येतो म्हणून मी दार लावून घेतलं आणि फुंकणीने फुंकत बसलो. पंधराएक मिनिटांत डोकं जड झालं. आजीने दार ढकललं आणि दंडाला धरून मला बाहेर ओढलं.

"मेल्या, दार लावून कोण बंब पेटवतं? त्याला वारा कुठून मिळणार? आणि तुला तरी?"

तिचं दुसरं वाक्य मला नंतर कळलं. विस्तवाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला वास नसतो. 'गिझर' हे नाव आइसलँडमधल्या गरम पाण्याच्या कारंज्यावरून आलं. लंडनच्या बेंजामिन मॉन यांनी १८६८ मध्ये गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याला ते दिलं. त्या यंत्राला धुराडंच नव्हतं. ज्वाळेचा सगळा वायू न्हाणीघरातच राहायचा. दीडशे वर्षांनंतरही बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने जीव गेल्याच्या बातम्या आपल्याकडे येतात. माझ्या आजीच्या बंबाला निदान धुराडं तरी होतं.

"पाणी घातलंस ना आधी?" तिचा पुढचा प्रश्न. घातलं होतं, नशीब. तांबं १०८५ अंशांला वितळतं, पण सांध्यांचा कथील-शिशाचा डाख दोनशेच्या आसपासच सुटतो. पाणी असेल तर सांधा शंभराच्या फारसा वर जात नाही. कोरडा पेटवलेला बंब म्हणजे गळका बंब.

मग तिने तो रिकामा करून पालथा घालायला लावला. जाळीत जुनी राख दमटपणाने सिमेंटसारखी बसलेली आणि उरलेल्या भोकांत कुंभारीण माशीने मातीची घरं बांधलेली. वर्षानुवर्षं माळ्यावर तिला कोण हटकणार! धुराड्यात बोटभर काजळी. म्हणजे खालून हवा शिरायला वाट नाही आणि वरून धूर जायलाही नाही. बंब चालतो तो ओढीवर: नळीतली हवा तापून वर चढते आणि खालून ताजी ओढून घेते. ती ओढच बंद असल्यावर माझ्या फुंकण्याने काय होणार?

तारेने जाळी मोकळी केली, काठीला काथ्या बांधून धुराडं झाडलं. घासताना तांब्यावरचे ठोके दिसले. याला मठारकाम म्हणतात. हातोडीच्या त्या ठोक्यांनी मऊ तांबं कडक होतं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम अजून चालतं, आणि तिथले तांबट मूळ कोकणातले, असं सांगतात. तांबं लोखंडाच्या जवळपास पाचपट उष्णता वाहून नेतं आणि खाऱ्या हवेत लोखंडासारखं गंजून झडत नाही. शेजारच्या दिवेआगरला शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, मराठी ताम्रपट सापडला. लोखंडावर कोरला असता तर तो टिकला नसता.

आजीने खाटेखालून जपून ठेवलेल्या करवंट्या काढल्या. खाली सुकी सोडणं, त्यावर करवंट्या, मग बंबफोड. दार सताड उघडं. झावळीची पेटती चूड तिने जाळीखाली धरली आणि नळीत घूं असा आवाज घुमला. धूर सरळ धुराड्यातून वर गेला.

"आता नको फुंकू," ती म्हणाली.

अर्ध्या तासात तोटीला हात लावता येईना. घंगाळात विसण घालून आजीने आधी बाळाला न्हाऊ घातलं, मग मामीला.

दिवाळीनंतर मोडवाला आला. त्याने बंब काट्याला लावून वजन सांगितलं, भावही बरा होता. मामी आतून म्हणाली, "तो द्यायचा नाहीये." मग त्याला गिझरच्या मागे पडलेलं जुनं पितळी पातेलं दिलं.