सार्वजनिक म्हणजे कोणाचे? बोले ठरावापासून चाकणपर्यंत

गावात वाचनालय, अभ्यासिका किंवा दवाखाना मागितला की आपल्या वस्तीला अनेकदा एकच उत्तर ऐकावे लागते : "तुम्हाला समाजमंदिर दिले आहे ना!" चाकण पट्ट्यातल्या तरुणांनी हे उत्तर मान्य करू नये, असे आमचे ठाम मत आहे. चवदार तळ्यावर आपले लोक वेगळे तळे मागायला गेले नव्हते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असे त्यात होते. ही दया नव्हती. पैसा सर्वांचा, तर वस्तूही सर्वांची, हा साधा हिशेब होता.

महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केले, पण कागदावरच. १९२६ मध्ये बोले यांनी दुसरा ठराव आणला : अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डांचे अनुदान रोखा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि सवर्ण मंडळी तळे खासगी असल्याचा दावा घेऊन कोर्टात गेली. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. पुढे संविधानाच्या कलम १५(२) ने विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा सर्वांना खुल्या केल्या.

आता चाकणकडे पाहू. याच पट्ट्यात, देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. विहार ही आपली श्रद्धा आणि आपला स्वाभिमान आहे. पण विहार किंवा समाजमंदिर आहे म्हणून गावच्या वाचनालयावरचा हक्क संपत नाही. काल तळे खासगी ठरवले जात होते, आज सुविधा "तुमची" आणि "आमची" अशी वाटली जाते. युक्ती तीच आहे.

दुसरा प्रश्न भाडेकरू कामगारांचा. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी इथल्या खोल्यांमध्ये मराठवाडा-विदर्भातून आलेले कितीतरी कंत्राटी कामगार राहतात. त्यांत आपली मुलेही आहेत. ग्रामसभेचा सदस्य होण्यासाठी गावच्या मतदार यादीत नाव लागते, आणि यांतल्या अनेकांची नावे मूळ गावी आहेत. पाणी, शौचालय, दवाखाना त्यांना रोज लागतो, पण मागायला आवाज नाही. जातीने बाहेर ठेवलेल्यांनी तरी यादीने बाहेर ठेवलेल्यांना विसरू नये.

म्हणून बोले यांच्या दुसऱ्या ठरावाचा धडा घ्या : पैशाचा हिशेब मागा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांवर खर्च करायची असते. ती कुठे गेली, हे ग्रामसभेत विचारा, लेखी मागा. चाकण शहरात २०१५ पासून नगरपरिषद आहे, तिथे तिच्याकडे मागा. पण त्या १५ टक्क्यांवर थांबू नका. उरलेल्या ८५ टक्क्यांतही आपला वाटा आहे. पाळीवरून सुटलेल्या कामगारालाही बसता येईल अशी, रात्री उघडी राहणारी अभ्यासिका गावाच्या मध्यावर मागा. तिची किल्ली एका घरात नको, ग्रामपंचायतीत हवी.

जय भीम!