चुंबक आणि पोलादाचा कायापालट

भट्टीत लालबुंद झालेल्या पोलादाला चुंबक लावून पाहा. ते चिकटणार नाही. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाचे चुंबकत्व लोपते. तापत्या लोखंडाच्या चुंबकत्वाची सूक्ष्म मोजमापे पियेर क्यूरी यांनी १८९५ साली प्रसिद्ध केली.

अधिक तापविल्यास पोलादाच्या अणूंची मांडणीच पालटते. हे तप्त रूप म्हणजे ऑस्टेनाइट. ते चुंबकाला जुमानीत नाही. ते झटकन विझविले की कठीण व चुंबकीय असे मार्टेन्साइट बनते. मग चुंबकानेच या पालटाला हातभार लावला तर? सोव्हिएत धातुशास्त्रज्ञ सादोव्स्की व त्यांचे सहकारी यांनी १९६१ साली दाखविले की, तीव्र क्षेत्र चुंबकीय रूपाचा पक्ष घेते आणि तो पालट किंचित अधिक तापमानालाच सुरू होतो.

भोपाळची गरज मात्र नेमकी उलट! तेथील हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना पंडित नेहरूंनी ६ नोव्हेंबर १९६० रोजी राष्ट्रार्पण केला. तेथील रोहित्रांच्या गाभ्यातील चुंबकत्व सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. त्यासाठी लागणाऱ्या पोलादात सुमारे ३ टक्के सिलिकॉन असते आणि कार्बन नाममात्र. त्यामुळे तापवूनही त्याची मांडणी पालटत नाही. म्हणूनच नॉर्मन गॉस यांच्या १९३४ च्या पेटंटातील पद्धतीने एका दिशेला लावलेले कण तसेच टिकतात. ते विस्कटले, तर वाटेतच अधिक वीज उष्णता होऊन वाया जाईल.

पोलाद केव्हा पालटू द्यावे आणि केव्हा नाही, हे ओळखण्यातच धातुविद्येचे सारे मर्म आहे.